पाऊस, गाव आणि 'सुंदर' हा शब्द

(वरणगाव येथे पावसाळ्यात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज कोणी येईल की नाही, अशी मला शंका होती. दुपारपासून पाऊस लागून राहिला आहे आणि डोक्यावर हा पत्रा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तत्त्वज्ञानावर बोलायचं म्हणजे तबलजी ऐनवेळी लय वाढवणार हे माहीत असूनही गायला बसायचं. मधेच जोर वाढला तर मी थांबेन. तुम्हीही ऐका.

विषय असा आहे की पाऊस पडला की शहराचं रूप का पालटतं, आणि आपलं मन त्याच्याबरोबर का पालटतं. माझ्या एका स्नेह्यांनी विचारलं, "उदाहरणाला कुठलं शहर घेणार? मुंबई?" मी म्हटलं, वरणगावपासून सुरुवात करतो. ते हसले. आता नगरपरिषद आपल्याकडे आहे, बसस्टँड आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, डांबरी रस्ते आहेत आणि तुंबणारी गटारंही आहेत. शहर व्हायला आणखी काय लागतं? (हशा)

डोळ्याला काय होतं

आधी साध्या गोष्टीपासून सुरू करू. मे महिन्यातली भुसावळची दुपार आठवा. पारा ४५ च्या पुढे. ऊन वरून सरळ खाली येतं आणि गावाचे दोनच तुकडे करतं: डोळे दिपवणारं पांढरं आणि काळी सावली. भिंतीचा रंग दिसत नाही, झाडाचा हिरवा दिसत नाही. माणूस डोळे किलकिले करून, डोक्याला उपरणं गुंडाळून, फक्त पुढची सावली शोधत चालतो. अशा वेळी गाव बघणार कोण? गाव ओलांडायचं असतं, एवढंच.

मग जूनमध्ये एक दिवस आभाळ येतं. ढगातून येणारा उजेड एका दिशेचा नसतो, तो सगळीकडून सारखा येतो. कडक सावल्या जातात. ज्या भिंतीकडे दोन महिने बघवत नव्हतं, तिच्याकडे आता बघता येतं. पाऊस पडायच्या आधीच गाव अर्धं बदललेलं असतं.

पाणी पडलं की दुसरी गोष्ट होते. कोरडी भिंत, कोरडा दगड, कोरडी माती यांचा पृष्ठभाग खरबरीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि वस्तूच्या मूळ रंगात पांढरेपणा मिसळतो. म्हणून कोरड्या गोष्टी फिकट दिसतात. भिजलं की त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो. वस्तूवरून परतणारा काही प्रकाश या थराच्या आतल्या बाजूने पुन्हा खाली वळतो आणि वस्तूत आणखी थोडा मुरतो. त्यामुळे रंग गडद होतो. विटेचा लाल खरा लाल होतो, लिंबाचं खोड काळं होतं. आणि सपाट रस्त्यावर तोच थर आरसा होतो. रात्री दुकानाचा एक दिवा असतो, त्याचे रस्त्यावर लांबच लांब पट्टे पडतात. लाइट गेले आणि एखाद्याने मेणबत्ती लावली, तर तिचाही पट्टा पडतो. गरीब गल्लीतसुद्धा दिवाळी होते ती अशी.

तिसरा वास. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाला १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि आर. जी. थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती-दगडात शोषली जातात, आणि मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. थेंब पडला की हे सगळं हवेत उडतं. कनौजचे अत्तरवाले हाच वास कितीतरी आधीपासून मातीतून काढून कुपीत भरत होते, ही गोष्ट वेगळी.

इथपर्यंत पदार्थविज्ञान झालं. एवढ्यावर व्याख्यान संपवलं असतं तर तुम्ही लवकर घरी गेला असता. पण यातून एक गोष्ट कळत नाही. उजेड, पाणी आणि आरसा हे लंडनमध्येही असतात. तिथली माणसं पाऊस आला की म्हणतात हवा खराब आहे. आपण म्हणतो, आज छान आभाळ आलंय. हा फरक कुठून आला?

पाणी पडलं

आपल्या बोलीकडे लक्ष द्या. पुस्तकात 'पाऊस पडला' असतं. खानदेशात माणूस म्हणतो, 'पाणी पडलं'. आकाशातून पडतं तेही पाणी, विहिरीत असतं तेही पाणी, माठात असतं तेही पाणी. कवितेतला पाऊस वेगळा आणि पिण्याचं पाणी वेगळं, असे दोन कप्पे या बोलीने पाडलेले नाहीत.

कारण उघड आहे. सह्याद्री ढगांचं बरंचसं पाणी पलीकडे काढून घेतो. जळगाव जिल्ह्याची वर्षाची सरासरी साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याची त्याहून कमी. कपाशीची पेरणी त्यावर. आमच्याकडच्या किती गावांत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. पिंपं तुमच्याही घरी आहेत.

म्हणून जून अर्धा सरला आणि आभाळ कोरडंच राहिलं की फक्त शेत नाही, बाजारसुद्धा उदास होतो. जळगावच्या दाणा बाजारात जाऊन बघा. व्यापारी गादीवर बसलेला असतो, पण नजर दाराबाहेर. बियाणाच्या दुकानात माणसं भाव विचारतात आणि परत जातात. चहाच्या टपरीवर आवाज चढलेले असतात, भांडणं क्षुल्लक कारणाने होतात. आणि ज्या दिवशी चांगलं पाणी पडतं, त्या संध्याकाळी तोच बाजार बघा. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला विचारतो, "तुमच्याकडे किती झाला?" हा प्रश्न आपल्याकडे नमस्कारासारखा आहे. त्या दिवशी गाव सुंदर दिसतं, त्यात रंग गडद झाल्याचा वाटा आहेच. पण गावाचा जीव भांड्यात पडल्याचा वाटा मोठा आहे.

आता इथे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी हरकत घेईल. तो म्हणेल, सर, तुम्ही उपयोग आणि सौंदर्य यांची गल्लत करताय. पीक येणार म्हणून आनंद झाला, तो फायद्याचा आनंद. त्याला सौंदर्य का म्हणायचं?

हरकत रास्त आहे. तिच्याशी मी तीसेक वर्षं झगडलो. त्यात आपल्याच भागातल्या एका माणसाची मदत झाली.

फैजपूरचे मर्ढेकर

बाळ सीताराम मर्ढेकर १९०९ साली फैजपूरला जन्मले. इथून तापी ओलांडली की फैजपूर काही लांब नाही. आपण त्यांना नवकवी म्हणून ओळखतो. पण मराठीत सौंदर्यशास्त्राची काटेकोर चर्चा करणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांचं नाव वरचं आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या पुस्तकाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते गेले.

मर्ढेकरांचं म्हणणं थोडक्यात असं. सौंदर्य हे सुट्या वस्तूत नसतं, ते संवेदनांच्या परस्परसंबंधात असतं. या संबंधांना ते लय म्हणतात, आणि लयीची तीन तत्त्वं सांगतात: संवाद, विरोध आणि समतोल. हे अवघड वाटलं तर बाहेर बघा. ओला रस्ता काळा, ओलं खोड काळं, ओली छत्री काळी, हा संवाद. त्या काळ्यात समोरच्या टपरीचा पिवळा दिवा, हा विरोध. आणि सगळं मिळून एका जागी स्थिर झालेलं चित्र, तो समतोल. उन्हाळ्यात गावातल्या गोष्टी एकमेकींशी भांडत असतात. पाऊस त्या सगळ्यांवर एकच हात फिरवतो आणि त्यांचं नातं जुळतं. पावसात शहर सुंदर का दिसतं याचं मराठीतलं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही.

गंमत पुढे आहे. मर्ढेकरांच्या सिद्धांतात सौंदर्याचा अनुभव रोजच्या सुखदुःखापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. भूक, फायदा, कणव यांना तिथे प्रवेश नाही. पण त्यांची आषाढ-श्रावणावरची कविता काढून बघा. शाळेत तुमच्यापैकी अनेकांनी पाठ केली असेल. तिच्यात झाडं-पाखरं आहेतच, पण शहरातला डांबरी रस्ताही आहे, चाळी आहेत, आणि चाळीत भिजलेले जुनेरे कपडे आहेत. म्हणजे सिद्धांत लिहिताना ज्या माणसाने संसार दाराबाहेर ठेवला, त्यानेच कविता लिहिताना चाळीतला संसार आत घेतला. याला मी विसंगती म्हणत नाही. मला वाटतं, शहरातल्या पावसाने त्यांना ते करायला लावलं. रानातला पाऊस झाडांवर पडतो. शहरातला पाऊस माणसांवर पडतो, त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतो. माणूस वगळून तो बघताच येत नाही.

वर्गातला एक प्रश्न

आता एक कबुली देतो.

फार वर्षांपूर्वी मी एका नदीकाठच्या गावात कॉलेजला शिकवत होतो. जुलै महिना, बीएचा वर्ग, विषय इमॅन्युएल कांट. १७९० साली त्याने सौंदर्यनिर्णयावर ग्रंथ लिहिला. त्यातली पहिलीच गोष्ट अशी की सौंदर्याचा आनंद हा निरिच्छ असतो. त्यात 'मला याचं काय मिळणार' हा प्रश्न नसतो. कांट उदाहरण देतो राजवाड्याचं. कोणी मला विचारलं, हा राजवाडा सुंदर आहे का? मी म्हणू शकतो, गरिबांच्या घामावर असले नसते डौल उभे करणाऱ्या बड्या लोकांचा मला राग येतो. कांट म्हणतो, राग रास्त असेल, पण हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की नुसतं बघताना तुला आनंद होतो की नाही.

आणि दुसरी गोष्ट उदात्ताची. वादळ, पूर, कोसळणारा धबधबा यांचा थरार आपल्याला भोगता येतो, पण एका अटीवर. आपण स्वतः सुरक्षित जागी असलो पाहिजे. घाबरलेला माणूस उदात्ताचा निर्णय करू शकत नाही.

मी हे रंगून सांगत होतो. बाहेर पाऊस होताच. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी कधी बोलत नसे. म्हणाला, "सर, काल रात्री आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. रात्रभर आम्ही धान्याची पोती खाटेवर चढवत होतो. पहाटे पाणी ओसरलं. मी दारात येऊन उभा राहिलो तर सगळी गल्ली चमकत होती. समोरचं देऊळ उलटं पाण्यात दिसत होतं. मला ते फार सुंदर वाटलं. मग सर, मी सुरक्षित होतो की नव्हतो? आणि मला जे वाटलं ते खरं की खोटं?"

वर्ग हसला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "प्रश्न चांगला आहे, पण परीक्षेत हे लिहू नकोस."

तो बसला. पुन्हा त्याने कधी प्रश्न विचारला नाही. पुढच्या वर्षी तो वर्गात नव्हता. कुठे गेला, मला माहीत नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे, असं समजा.

छत्री कोणाच्या हातात

त्या दिवशी घरी जाताना मला माझी आई आठवली. आमचं घर धाब्याचं. तरुण मंडळींनी धाबं पाहिलं नसेल. लाकडी तुळया, त्यावर आडव्या काड्या, पऱ्हाटी, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. पावसाच्या आधी दरवर्षी धाब्यावर नवी खारी टाकावी लागे, नाहीतर घर गळायचं. एका वर्षी वडील आजारी होते, खारी टाकायची राहिली. पहिल्याच मोठ्या पावसात पाच-सहा ठिकाणी गळती लागली. आईने घमेलं, पातेली, तांब्या, कढई जे हाताला येईल ते मांडलं. प्रत्येक भांड्याचा आवाज निराळा. मी सात-आठ वर्षांचा. मला ते जलतरंगासारखं वाटलं आणि मी टाळ्या वाजवायला लागलो. आई म्हणाली, "तुले मजा वाटते का रे? चाल, ते पातेलं धर."

मी पातेलं धरलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, पातेलं धरून उभा असतानाही तो आवाज मला सुंदरच वाटत होता. थोड्या वेळाने आईसुद्धा हसली. तिनेही ऐकला असणार.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे सुटतो. ज्याचं घर गळतं त्याला सौंदर्य कळत नाही, हे खोटं आहे. ही समजूत सुखवस्तू माणसाची आहे, आणि ती दयाळू वाटली तरी अपमानकारक आहे. सौंदर्य भोगायला कोरडं छप्पर लागत नाही. आई आणि तो मुलगा, दोघांनीही ओल्या घरात ते पाहिलं.

पण दुसरा अर्धा भाग उरतोच. कांटबद्दल एक गोष्ट सांगतात. तो रोज ठरलेल्या वेळी फिरायला निघे, आणि आभाळ आलं असलं की त्याचा म्हातारा नोकर लाम्पे काखेत छत्री घेऊन काळजीने मागे चाले. (हशा) सौंदर्याचा निरिच्छ आनंद घेणाऱ्याच्या मागे छत्री घेऊन चालणारं कोणी तरी होतं. हा टोमणा नाही. कांटसमोर मी विद्यार्थीच आहे. पण शहरातल्या पावसाचा विचार करताना छत्री कोणाच्या हातात आहे, हे विचारावं लागतं.

पॅरिसचं एक प्रसिद्ध चित्र आहे. गुस्ताव कायबोत या चित्रकाराचं, १८७७ सालचं. पावसातला चौक, ओले दगडी रस्ते, छत्र्या घेऊन सावकाश चालणारी माणसं. नीट बघितलंत तर लक्षात येतं, चित्रात पावसाची एकही रेघ नाही. पाऊस आहे तो जमिनीच्या चकाकीत. जगातल्या सुंदर ओल्या रस्त्यांत हा रस्ता मोडतो. पण तो तसा कशामुळे आहे? त्याच्या आधीच्या पंचवीस वर्षांत ओस्मान नावाच्या प्रशासकाने जुनं पॅरिस फोडून रुंद रस्ते काढले होते, आणि बेलग्राँ नावाच्या अभियंत्याने जमिनीखाली शेकडो किलोमीटर गटारं बांधली होती. पाणी पडल्या पडल्या खाली जात होतं, म्हणून वर माणसं बुटांनिशी सावकाश चालू शकत होती. त्या चित्राचा अर्धा सुंदरपणा जमिनीखाली आहे. आणि जुन्या गल्ल्यांतली जी गरीब माणसं त्या पाडापाडीत शहराच्या कडेला ढकलली गेली, ती चित्रात नाहीत.

आता आपल्याकडचा एक दिवस घ्या. २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्यात अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला ७३ मिलिमीटर. म्हणजे दक्षिणेला कोणी खिडकीत बसून छान पाऊस पडतोय म्हणत असेल, तर ते खोटं बोलत नव्हते. त्याच वेळी उपनगरात माणसं गाडीत गुदमरून मरत होती. एक शहर, एक दिवस, दोन पाऊस.

आणि इतकं लांब कशाला? आपल्या हतनूरला जाऊ. धरणाचे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दरवाजे उघडले की आपण सगळे बघायला जातो. मीही जातो. तापी-पूर्णेचं तांबूस पाणी फेस होऊन कोसळतं, पायाखालची जमीन थरथरते. कांटच्या उदात्ताचा धडा घ्यायला याहून चांगली जागा नाही. आपण सुरक्षित पुलावर, पाणी खाली. पण ते पाणी तिथे संपत नाही. ते पश्चिमेला जातं, उकईला जातं, सुरतेला जातं. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आपल्याकडे जे बघण्याजोगं होतं, ते तिकडे कोणाच्या तरी माजघरात शिरत होतं. म्हणून हतनूरला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं, पण नदी पुढे जाते हे ठाऊक असलेल्या माणसाने बघावं तसं बघावं.

अमळनेरचा आजोबा

इथे मला आणखी एका माणसाचा आधार आहे, आणि तोही खानदेशातून गेलेला. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली प्रतापशेठजींच्या पुढाकाराने उभं राहिलं. गिरणीचं गाव, केळी-कपाशीचा मुलूख, आणि तिथे तत्त्वज्ञानाची संस्था. १९३३ ते ३५ या काळात कृष्णचंद्र भट्टाचार्य हे बंगालचे मोठे तत्त्वज्ञ तिथे संचालक होते. माझ्या पीएच.डी.च्या दिवसांत मी तिथल्या ग्रंथालयात बसायला जात असे.

भट्टाचार्यांचा रसावर एक लहानसा निबंध आहे. त्यात ते एक उदाहरण देतात. एक लहान मूल खेळण्याशी खेळतंय. त्याला खेळण्याचा आनंद होतोय. आजोबा त्याच्याकडे बघतायत. त्यांना खेळण्याचा आनंद नाही, नातवाच्या आनंदाचा आनंद आहे. आणि तिसरा कोणी लांबून त्या आजोबांकडे बघतोय. त्याला नातवाशी देणंघेणं नाही, पण आजोबांच्या मायेकडे बघून त्याला जे वाटतं, ते रसाच्या जवळ जाणारं आहे. पहिला आनंद वस्तूचा, दुसरा सहानुभूतीचा, तिसरा सहानुभूतीच्या सहानुभूतीचा.

हे पावसाला लावून बघा. पहिल्या पावसात पोरं नाचतात. ती पहिली पायरी. दारात उभी बाई त्यांना "आजारी पडाल" म्हणत हसते, ती दुसरी. आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर अडकून पडलेला, हातात पिशवी घेतलेला अनोळखी माणूस हे सगळं बघतो आणि त्याला वाटतं, गाव आज सुंदर आहे. पावसात शहर सुंदर का दिसतं याचं माझं उत्तर हे आहे. पाऊस माणसांना एका पत्र्याखाली आणतो आणि एकमेकांकडे बघायला लावतो. रंग, आरसा, वास हे त्याचं साहित्य आहे. पण आपण 'गाव सुंदर दिसतंय' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सुटकेकडे बघत असतो.

आणि तो मघाचा हरकतीचा विद्यार्थी आठवा. त्याला आता सांगता येईल: पीक येणार म्हणून शेतकऱ्याला होतो तो आनंद फायद्याचा. पण ज्याला एक एकर जमीन नाही असा शिंपी, हमाल, पेन्शनीतला मास्तर त्या संध्याकाळी बाजारात का हसतो? त्याला दुसऱ्याच्या आनंदाचा आनंद आहे. तो निरिच्छ आहे, तरी कोरडा नाही.

'सुंदर' म्हणण्याची जबाबदारी

आता शेवटचा मुद्दा. कांटचीच एक गोष्ट मी वर्गात घाईने उरकत असे. तो म्हणतो, 'मला चहा आवडतो' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन वेगळ्या जातीची वाक्यं आहेत. चहा आवडतो म्हणताना मी माझ्यापुरतं बोलतो. सुंदर आहे म्हणताना मी सगळ्यांच्या वतीने बोलतो. प्रत्येकाने याला हो म्हणावं, अशी माझी अपेक्षा असते. सगळे हो म्हणतीलच असं नाही. पण म्हणायला हवं, असा दावा त्या शब्दात असतो.

मग बघा काय होतं. आज रात्री मी खिडकीत उभा राहून म्हणालो, "काय सुंदर पाऊस आहे," तर मी मागच्या गल्लीतल्या बाईचाही होकार गृहीत धरला. ती पातेली मांडत असेल. तिला सौंदर्य कळत नाही असं नाही, माझ्या आईला कळत होतं. पण तिला हो म्हणायला सवड आहे का? माझ्या 'सुंदर'ला तिचा होकार हवा असेल तर तिचं छप्पर, तिच्या दारापुढचं गटार हा माझ्या सौंदर्यशास्त्राचाच भाग होतो. कांटने असा निष्कर्ष काढलेला नाही. हा माझा आहे, आणि तो त्या मागच्या बाकावरच्या मुलामुळे निघाला.

त्याला आज मी सांगेन: बाळा, तुला जे वाटलं ते खरं होतं, सोळा आणे खरं. आणि तुझ्या घरात पाणी शिरायला नको होतं, हेही तितकंच खरं. यातल्या एकाने दुसरं खोडायचं नाही. परीक्षेत हेच लिही.

पूर्वी धाब्यावर खारी टाकायची तेव्हा गल्लीतली माणसं एकमेकांच्या घरावर चढत. आता स्लॅब झाले, तो प्रसंग गेला. पण मे महिन्यात आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन पाणी कुठे तुंबणार हे बघणं आणि ते नगरपरिषदेच्या माणसाला जाऊन सांगणं, एवढं तर आपल्याला जमेल. जूनच्या सुंदर संध्याकाळीची तयारी मे महिन्यातच करावी लागते.

(यानंतर एका भगिनींनी विचारलं: "सर, मग खिडकीत बसून भजी खात पाऊस बघायचाच नाही का?" - हशा)

नाही हो ताई, असं कसं! जरूर बघा, भजी जरूर खा. आनंदाबद्दल अपराधी वाटून घेतल्याने कोणाचं छप्पर गळायचं थांबत नाही. फक्त दोन भजी जास्त तळा आणि पायरीवर जो कोणी अडकून पडला असेल, त्याला आत बोलवा. भट्टाचार्यांचा सगळा निबंध त्यात येतो.

पाऊस थोडा कमी झालेला दिसतो. सावकाश जा, रस्त्यात पाणी असेल. आणि जाताना दिव्यांकडे जरा बघत जा.